खाली सागवान, वर स्टील: पश्चिममुखी घराच्या दोन दारांचा दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

घर परभणीत, तोंड पश्चिमेला, जमीन काळी. या तीन गोष्टी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावर उत्तरेकडे तोंड करून फ्लॅट असेल तर यातलं निम्मंही लागू होणार नाही.

खाली आम्ही आणि आई, वर धाकटा भाऊ. जिना बाहेरून आहे, त्यामुळे दोन्हीकडे स्वतंत्र मुख्य दार. मी सागवान घेतलं, भावाने तयार स्टीलचं लाकडी छपाईवालं दार घेतलं. ठरवून काही नव्हतं. त्याला सुताराच्या मागे फिरायचा कंटाळा होता आणि मला पत्र्याचा आवाज आवडत नाही, इतकंच. पण एकाच भिंतीवर, एकाच उन्हात दोन वेगळी दारं बसली. आता दोन उन्हाळे, दोन पावसाळे आणि मधली थंडी काढून झालीय, म्हणून लिहायला बसलो.

आधी पैशाचं. वखारीत गेल्यावर भाव घनफुटावर सांगतात आणि नवख्या माणसाला तिथेच फिरवतात. हिशोब सोपा आहे: लांबी फुटात, रुंदी इंचात, जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. सात फूट उंच, साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच रुंद आणि दीड इंच जाड दार म्हणजे तीन घनफूट आणि थोडंसं वर. पाच बाय तीन इंची लाकडाची चौकट उंबऱ्यासकट सव्वादोन-अडीच घनफूट. कापण्या-रंधण्यातली घट धरली की सात घनफुटांच्या आसपास लाकूड लागतं. कोणी दहा सांगितलं तर कागद काढून त्याच्यासमोर मांडा. आम्ही सी.पी. सागवान घेतलं, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसच्या नावावरून चालत आलेलं चंद्रपूर-बल्लारपूरकडचं. आमच्या भागात किनवटच्या सागवानाचं नाव मोठं, आणि ते 'स्वस्तात काढून देतो' म्हणणारेही भेटतात. त्या भानगडीत पडू नका. पक्की पावती असलेलंच घ्या. मजुरी, पॉलिश, बिजागऱ्या, कुलूप धरून खालचं दार पन्नास हजारांच्या पुढे गेलं. भावाचं दार चौकट, कुलूप आणि बसवणीसकट तिसाच्या आत. शिवाय सकाळी आलं आणि दुपारी जेवायच्या आधी बसलं. माझ्या सुताराने सागवानाच्या फळ्या आणून आठवडे नुसत्या सावलीत रचून ठेवल्या होत्या. तेव्हा चिडलो होतो, पण ते वाळणं गरजेचंच होतं. ओलं लाकूड आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तडकल्याशिवाय राहत नाही.

पहिला उन्हाळा. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात ४३ आला की आमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावू नये. समोर चार फुटी पोर्च आहे, त्यामुळे दार सावलीत राहील असं सगळ्यांनाच वाटतं. दुपारी दोनपर्यंत बऱ्यापैकी राहतंही. चारनंतर ऊन तिरपं होतं आणि पोर्चखालून सरळ आत शिरतं. आधी दाराचा खालचा भाग तापतो, मग वरचा, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ ऊन खालचा हात-दीड हात पट्टा खातो. माझ्या सागवानाचं पॉलिश बरोबर तिथेच गेलं. वरचा भाग अजून नवा दिसतो आणि खाली करडी झाक आलीय, हात फिरवला तर रेषा लागतात. लाकडाला मात्र काही झालं नाही. ऊन आधी खातं ते पॉलिशला. घरातल्या फर्निचरचं मेलामाइन पॉलिश बाहेरच्या दाराला चालत नाही. बाहेरसाठीचं, ऊन सोसणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मागा. ते करूनही पश्चिमेला दोन वर्षांनी खालचा पट्टा घासून पुन्हा मारावा लागणार, हे धरूनच चला. दरवर्षी दिवाळीआधी जवसाच्या तेलाचा हात फिरवणारे जुने लोक आहेत आमच्या गल्लीत. दार थोडं काळपट होतं, पण त्यांची दारं चांगली आहेत.

वरचं स्टीलचं दार तापतं हे सांगायला नको. पाच वाजता त्याच्या मुठीला भावजय पदर धरून हात लावते. पण खरी गंमत कुलपात झाली. दुपारी चार ते सहा कुलूप अडायचं आणि रात्री दहाला तेच कुलूप लोण्यासारखं फिरायचं. भावाने तेल सोडलं, ग्रीस लावलं, काही फरक नाही. शेवटी मी संध्याकाळी एक सरळ पट्टी दारावर उभी धरली. मध्यभागी पट्टी टेकायची आणि वर-खाली फट दिसायची. दार बाहेरच्या बाजूने फुगलं होतं. बाहेरचा पत्रा उन्हात साठ अंशांच्या घरात, आतला पंख्याखाली पस्तिशीत. बाहेरचा पत्रा वाढतो, आतला वाढत नाही, म्हणून दार धनुष्यासारखं वाकतं. सात फुटांत जेमतेम तीन मिलिमीटर. पण त्याचं कुलूप वर, मध्ये आणि खाली असं एकदम अनेक ठिकाणी दांडे टाकणारं आहे. दार तीन मिलिमीटर वाकलं की वरचे-खालचे दांडे भोकात नीट बसत नाहीत. साध्या एका कुलपाच्या दाराला हे कळलंही नसतं. तेव्हा पश्चिमेला किंवा दक्षिणेला स्टील घ्यायचंच असेल तर रंग फिका घ्या. गडद अक्रोडी छपाई दुकानातल्या दिव्याखाली झकास दिसते, उन्हात मात्र तीच सगळ्यात जास्त तापते. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती छपाई पांढुरकी पडली ते वेगळंच. पॉलिश पुन्हा मारता येतं, छपाई पुन्हा मारता येत नाही.

आता पावसाळा, म्हणजे काळी जमीन. दारांच्या बाबतीत आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याच श्रावणात खालचं दार अडायला लागलं. सगळे म्हणाले, लाकूड फुगलं, सागवान भेसळीचं निघालं. सुताराला बोलावलं. त्याने दाराकडे बघितलंच नाही, आधी चौकटीला टेप लावला. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, मग उलट. दोन कर्णांत चार-पाच मिलिमीटरचा फरक. "दार नाही फुगलं सर, चौकट हललीय तुमची," म्हणाला. ओळखायची खूण त्याने दाखवली ती अशी: लाकूड फुगलेलं असेल तर दार कुलपाच्या बाजूने जवळजवळ पूर्ण उंचीभर घासतं. चौकट वाकडी झाली असेल तर एकाच कोपऱ्यात घासतं आणि त्याच बाजूची फट दुसऱ्या टोकाला वाढलेली दिसते. आमच्याकडे वरचा कोपरा घासत होता आणि खाली करंगळी जाईल एवढी फट.

कारण पायाखाली आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आटते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण दरवर्षी बघतोच. घराखालचीही तीच माती. मुरूम कितीही भरला तरी कडेकडेला पाणी मुरतं, बाहेरच्या भिंती किंचित वर-खाली होतात आणि दाराची चौकट काटकोनातून निघते. परभणीत अडणाऱ्या दारांपैकी किती दारं खरोखर लाकडामुळे अडतात याबद्दल मला आता चांगलीच शंका आहे. आम्ही त्यानंतर पोर्चचं पाणी पाइपने लांब सोडलं आणि भिंतीलगतची कुंडी-झाडं हलवली. दुसऱ्या पावसाळ्यात दार जवळजवळ अडलं नाही.

पण त्या दिवशी काय झालं? सुताराने दार बिजागरीतून काढलं, कोपऱ्याला चार वेळा रंधा मारला, पुन्हा चढवलं. तासाभराचं काम. वर भावाच्या दाराला तोच त्रास, कारण भिंत तीच. त्याच्या दाराला रंधा कुठे मारणार? कंपनीचा माणूस छत्रपती संभाजीनगरहून येणार होता, तो आज-उद्या करत महालक्ष्म्या येऊन गेल्या तरी आला नाही. गावातल्या चावीवाल्याने कुलूप बघून हात जोडले, 'याचे पार्ट आमच्याकडे मिळत नाहीत.' शेवटी एका वेल्डिंगवाल्याने चौकटीतली भोकं कानसीने वाढवून दिली. तेव्हापासून दार थोडं उचलून लावावं लागतं. माझ्या लेखी स्टीलच्या दाराची सगळ्यात मोठी उणीव हीच: बिघडलं तर गावात कोणी हात लावत नाही. दुकानात दाखवताना पत्र्याची जाडी सांगतात, कुलपाचे किती दांडे ते सांगतात. कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो भाग, बिघडला तर तुमच्या गावात कोण बदलून देणार, हे तुम्हालाच विचारावं लागतं.

स्टीलच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर भाऊ वाचून भांडायला येईल. त्याच्या दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी आहे. मे महिन्यातली वावटळ असो की पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणारे पंखवाले किडे, वर काही शिरत नाही. आमच्याकडे सकाळी दाराआत झाडू मारला की सुपभर धूळ निघायची. मी नंतर खाली ब्रशची पट्टी लावून घेतली, पण रबराची सर नाही. वाळवीचा प्रश्न वर नाहीच. खाली सागवान असूनही आला! गाभ्याच्या लाकडात तेल असतं, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण झाडाच्या बाहेरच्या बाजूचा पांढरा भाग तिला बाभळीइतकाच गोड. आमच्या चौकटीच्या एका पायाला आतल्या बाजूने बोटभर पांढरी पट्टी राहिली होती, पॉलिशच्या रंगाखाली दिसली नाही. नखाने दाबलं तर भुगा. सुताराने तेवढा तुकडा कापून नवा जोडला. पॉलिश करायच्या आधी, कोऱ्या लाकडावर ओलं फडकं फिरवून उजेडात बघा, पांढरं लगेच वेगळं दिसतं. आणि चौकटीचे पाय भिंतीत जाण्याआधी त्यांना वाळवीचं औषध लावून घ्या.

आईची तक्रार वेगळीच होती. स्टीलच्या दाराला लाकडी उंबरा नाही, खाली नुसती चकचकीत पट्टी. मग महालक्ष्म्या आणताना पूजा कशाची करायची? भावाने शेवटी सागवानाची एक फळी उंबऱ्यासारखी पुढे बसवून घेतली. तोरणाचा खिळा ठोकता येत नाही म्हणूनही आई कुरकुरत होती, पण तिथे चुंबकाचा हूक चिकटतो आणि तोरण आमच्यापेक्षा सरळ लटकतं. घेताना चुंबक खिशात ठेवाच. दार झिंकचा थर दिलेल्या साध्या पत्र्याचं असतं, त्याला चुंबक चिकटतो. स्टेनलेस म्हणून विकत असतील तर कुठलं, ते विचारा. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही.

२०२४ मध्ये मार्चात आणि जुलैत हिंगोलीकडचे भूकंपाचे धक्के आमच्यापर्यंत जाणवले, तेव्हापासून आई झोपताना वरच्या दाराचे सगळे दांडे टाकू देत नाही. भाऊ हसतो. मला तिचं पटतं. चौकट चार मिलिमीटर हलली तर काय होतं ते आम्ही श्रावणात बघितलंय.

बाकी पर्यायांबद्दल थोडक्यात. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा मिसळलेल्या प्लास्टिकचं) दार बाथरूमला उत्तम, पश्चिमेच्या मुख्य दाराला नको. तीस अंशांच्या फरकाला सात फुटी पीव्हीसी साडेतीन-चार मिलिमीटर वाढतं, स्टील पाऊण मिलिमीटर. आणि सत्तर-ऐंशी अंशांना पीव्हीसी मऊ पडायला लागतं. फ्लश डोअर, म्हणजे प्लायवुडचं सपाट दार, आतल्या खोल्यांना ठीक. बाहेर लावायचंच तर पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचं, म्हणजे बीडब्ल्यूपी प्रतीचं घ्या आणि खालची-वरची कडही लॅमिनेट किंवा रंगाने बंद करा. बहुतेक जण दिसणारी बाजू करतात आणि खालची कड उघडी सोडतात. पाणी तिथूनच वर चढतं.

आता कोणी विचारलं तर असं सांगतो. काळ्या जमिनीवरचं स्वतंत्र घर, तळमजला, बजेट असेल तर सागवान. पैसे कमी असतील तर चौकट सागवानाची करा आणि दार दुसऱ्या चांगल्या, वाळलेल्या लाकडाचं. दार पुढे कधीही बदलता येतं, चौकट बदलायला भिंत फोडावी लागते. पन्नास-पंचावन्न किलोचं दार तीन बिजागऱ्यांवर लटकवू नका, पाच इंची चार घ्या. वरच्या मजल्यावर, पूर्व किंवा उत्तर तोंड असेल, धुळीचा त्रास असेल, तर स्टील खुशाल घ्या, फक्त कुलूप गावात दुरुस्त होणारं बघा.

भाऊ यंदा दसऱ्याच्या आत ते अनेक दांड्यांचं कुलूप काढून साधं एकाच ठिकाणी बसणारं लावणार आहे. भोक जुळवायला त्याच वेल्डिंगवाल्याला सांगितलंय. माझ्या खालच्या पट्ट्याच्या पॉलिशचे सुताराने अडीच हजार सांगितलेत. शेतातल्या आखाड्यावरच्या (गोठा-अवजारांच्या जागेवरच्या) खोलीला मात्र दोघांनी मिळून अँगलच्या चौकटीत साधं लोखंडी दार बसवलंय, बाहेरून अल्ड्रॉप (सरकती जाड कडी) आणि मोठं कुलूप. तिथे उंदीर, वाळवी आणि मोटारीच्या केबलवर डोळा असलेले लोक, तिघांचाही बंदोबस्त करायचा होता.