‘३ अँपिअर’च्या ट्रान्सफॉर्मरने मला कसे फसवले

घरच्या घरी छोटा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा म्हणून गेल्या पावसाळ्यात मी पुण्याच्या बुधवार पेठेतून टीडीए २०३० हे आवाज वाढवणारे दोन आयसी, त्यांची उष्णता शोषणारे हीटसिंक, डायोड, कपॅसिटर आणि ‘१२-०-१२ व्होल्ट, ३ अँपिअर’ (म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही कडेच्या तारांना बारा-बारा व्होल्ट) असे स्टिकर लावलेला एक ट्रान्सफॉर्मर आणला. नवख्या माणसाला सगळा धाक आयसीच्या जोडणीचा असतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तार, त्यात कोण काय फसवणार, अशा समजुतीत मी होतो आणि नेमका तिथेच फसलो.

मी मागितले नसतानाही दुकानदाराने ट्रान्सफॉर्मर बोर्डाला लावून मधल्या आणि कडेच्या तारेला मल्टिमीटरची टोके टेकवली. आकडा आला १६.४. ‘‘बघा साहेब, मागितले बारा, देतोय सोळा,’’ असे तो हसत म्हणाला आणि मी त्या वरकड व्होल्टांवर खूश होऊन पक्के बिल न घेताच बाहेर पडलो.

त्या वरकडीचा हिशेब मला फार उशिरा कळला. एसीचे डीसी करताना कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत, म्हणजे मीटरवरच्या आकड्याच्या १.४१४ पटीपर्यंत भरतो. त्यामुळे १२ व्होल्टांचे डायोडमधली घट वजा जाता १६ च्या आसपास होतात, १६.४ चे मात्र २२ च्या वर जातात. टीडीए २०३० ची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्टांची आहे, आणि शॉर्ट सर्किट व अतितापापासून त्याच्या आत संरक्षण असले तरी जास्तीच्या व्होल्टेजपासून ते नसते. घरी जोडणी करून स्विच दाबताच ‘टक्’ असा आवाज झाला आणि पहिल्या आयसीच्या काळ्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. सुदैवाने स्पीकर जोडलेला नव्हता, नाहीतर थेट आलेल्या डीसीने त्याची कॉइलही जळाली असती.

दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, ‘‘वायरिंग उलटी झाली असेल तुमची.’’ चूक माझीच असेल हे मला पटले, कारण या आयसीचा धातूचा भाग आतून ३ नंबरच्या, म्हणजे उणे पुरवठ्याच्या, पायाला जोडलेला असतो आणि आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये वीज अडवणारी अभ्रकाची चकती घालायला मी विसरलो होतो. दुसऱ्या आयसीला चकती घातली. तोही तसाच गेला.

आमच्या सोसायटीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी माझ्या सर्किटकडे पाहिलेही नाही. ट्रान्सफॉर्मर तळहातावर तोलून ‘‘तीन अँपिअरचा, आणि एवढा हलका?’’ असे त्यांनी विचारले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ४३० ग्रॅम भरला. मग त्यांनी स्कूटरच्या दिव्याचा १२ व्होल्ट, ३५ वॉटचा बल्ब एका बाजूला जोडला. हा बल्ब साधारण ३ अँपिअर ओढतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर खरा असता तर मीटर १२ च्या आसपास राहायला हवे होते. ते ८.९ वर आले, बल्ब नुसताच मंद पेटला आणि दहा मिनिटांत व्हार्निशचा वास सुटून ट्रान्सफॉर्मरला हात लावता येईना. स्टिकरची कड नखाने उचलली तेव्हा खाली छापलेले दिसले : ७५० मिलिअँपिअर. ब्लेडने ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरचा तांबडा मुलामा खरवडला तर आत तांब्याऐवजी पांढरे अ‍ॅल्युमिनियम होते. लहान ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज लोडखाली, म्हणजे काही जोडून वीज ओढली की, फार पडते, म्हणून त्याला वेढे जास्त दिलेले असतात आणि रिकामा असताना तो मोठा आकडा दाखवतो. दुकानात मला दाखवलेला आकडा त्या रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचा होता.

मी त्याला फ्यूजसुद्धा लावला नव्हता. आता मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, बाजूला ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज असतो आणि नवी जोडणी पहिल्यांदा त्याच वाटेत जोडलेल्या ६० वॉटच्या तारेच्या (सिरीज) बल्बमधूनच चालू होते. तो बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण तेजाने पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दोन्ही बाजूंचे डीसी मोजून, कपॅसिटर रिकामे करूनच आयसी बसवतो. ट्रान्सफॉर्मर घेताना स्कूटरचा बल्ब खिशात नेतो. दुकानदार तोंड वाकडे करतात, करू देत.

जुना ट्रान्सफॉर्मर घेऊन मी त्या दुकानात परत गेलो. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, सोललेल्या कडेवर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘‘स्टिकर तुम्ही काढलाय साहेब. आता हा परत घेता येत नाही.’’