ग्रँट व्होर्टेक्स एक्स्टर्नल: बॉयलर चोख, पण फ्ल्यूची (धुराच्या नळीची) जागा आधी ठरवा

इंग्लंडात किंवा आयर्लंडमध्ये गावाबाहेर घर घेतलं की बऱ्याचदा गॅसची लाइन नसते आणि हीटिंग चालतं रॉकेलवर. उत्तर आयर्लंडमध्ये तर साधारण दोन तृतीयांश घरं अशीच आहेत. जुना बॉयलर बदलायला निघालात की कोटेशनमध्ये बहुधा ग्रँट कंपनीचा व्होर्टेक्स बॉयलर दिसतोच. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून नवा ऑइल बॉयलर, मोजके अपवाद सोडले तर, कंडेन्सिंगच (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) लागतो, त्यामुळे प्रश्न कोणत्या प्रकारचा घ्यायचा हा नसून तो कुठे बसवायचा हा आहे. आमचं मत स्पष्ट आहे: अंगणात जागा असेल तर बाहेर बसणारं एक्स्टर्नल मॉडेल घ्या.

कारण हवा. घरातला ओपन-फ्ल्यू बॉयलर जळण्यासाठी खोलीतलीच हवा ओढतो. तिथे ५ किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौरस मिमी कायम उघडी राहणारी वाट द्यावी लागते. २६ किलोवॅटच्या बॉयलरला हे होतात ११,५५० चौरस मिमी, आणि तेही भिंतीतल्या हवेच्या जाळीच्या पट्ट्या वजा करून उरलेली मोकळी जागा. थंडी आत येते म्हणून लोक ती जाळी बोळे कोंबून बंद करतात, आणि बॉयलर धुरकट जळू लागतो. आपल्या स्वयंपाकघरात आणखी एक धोका आहे. फोडणीचा वास जावा म्हणून शेगडीवर लावलेली जोरदार पंख्याची चिमणी तासाला ४०० घनमीटर हवा बाहेर फेकते, म्हणजे सेकंदाला सुमारे १११ लिटर. प्रेशर-जेट बर्नर (रॉकेल दाबाने फवारून जाळणारा) असलेल्या ओपन-फ्ल्यू बॉयलरच्या खोलीत पंख्याची मर्यादा सेकंदाला ४० लिटर सांगितली आहे. त्यापलीकडे फ्ल्यूमधला धूर उलटा खोलीत ओढला जाण्याची भीती असते, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून असा बॉयलर घरात असेलच तर दारं-खिडक्या बंद, चिमणी पूर्ण वेगात, अशा स्थितीत धूर उलटतो का याची चाचणी करून घ्या.

बॅलन्स्ड फ्ल्यूचा (एका नळीने धूर बाहेर, दुसरीने हवा आत) बॉयलर हवा बाहेरून घेतो, म्हणून खोलीला जाळी लागत नाही. पण तोच कपाटात कोंडला तर गारव्यासाठी वर आणि खाली वाट हवी: कपाट खोलीत उघडत असेल तर प्रत्येक किलोवॅटला वर ११०० आणि खाली ११०० चौरस मिमी, थेट बाहेर उघडत असेल तर त्याच्या निम्मी. कपाटात इस्त्रीचं टेबल आणि पिशव्या भरून खालची वाट बुजवू नका.

एक्स्टर्नलमध्ये हे सगळं उरत नाही. पेटी बाहेर, धूर बाहेर, आवाजही बाहेर. मात्र धूर निघतो गुडघ्याच्या उंचीवर, आणि खरी गडबड इथेच होते. कंडेन्सिंग बॉयलरचा धूर थंड आणि ओला असतो; तो वर न जाता पांढऱ्या ढगासारखा जागेवर रेंगाळतो आणि त्याला रॉकेलचा वास असतो. प्रेशर-जेट बर्नरसाठी अप्रूव्हड डॉक्युमेंट जे या इंग्लंडच्या बांधकाम-नियमांच्या मार्गदर्शिकेतली, धूर सुटणाऱ्या टोकाची (टर्मिनलची) किमान अंतरं अशी: उघडणाऱ्या खिडकी-दारापासून ६०० मिमी, समोरच्या भिंतीपासून किंवा हद्दीपासून ६०० मिमी, कोपऱ्यापासून आणि मैलापाण्याच्या उभ्या पाइपपासून ३०० मिमी, जमिनीपासून ३०० मिमी. ही अंतरं पाळली की कागदावर काम पास होतं, पण समोर ६०० मिमीवर शेजाऱ्याचं कुंपण असेल तर वर्षभर तक्रार ऐकावी लागेल. निर्मात्याच्या पुस्तिकेत याहून जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळा, आणि आमच्या मते समोर अडीच मीटर मोकळं हवंच. रॉकेलची टाकी टर्मिनलपासून १.८ मीटर लांब ठेवा. टर्मिनलवर पिंजरा बसवा, मुलांचा हात सहज पोहोचतो.

जागा नसेल तर प्लूम किट (फ्ल्यूला जोडायची जादा नळी) लावून धूर वर नेता येतो. मात्र गॅस बॉयलरचा ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक फ्ल्यू इथे अजिबात लावू देऊ नका. रॉकेलच्या धुरातून गंधकाचं आम्ल तयार होतं. त्यासाठी स्टेनलेस स्टीलच लागतं. जोडातलं रबरी सील वळलेलं किंवा निसटलेलं असेल तर बॅलन्स्ड फ्ल्यूमध्ये धूर हवेच्या नळीत शिरतो, बर्नर स्वतःचाच धूर ओढतो, काजळी धरते आणि लाल दिवा लागून बॉयलर थांबतो. वारंवार रीसेट दाबण्यापेक्षा तंत्रज्ञाला हवेच्या नळीत अ‍ॅनालायझर (धूर मोजणारं यंत्र) घालून बघायला सांगा. तिथे धुराचा मागमूसही नको.

कंडेन्सेटकडेही, म्हणजे धुरातून सुटणाऱ्या आम्लयुक्त पाण्याकडेही, तितकंच लक्ष द्या. ते पाणी बाहेर सोडताना धूर अडवणाऱ्या ग्रँटच्या ट्रॅपमध्ये तरंगता फ्लोट असतो, पाणी सुकलं तरी धूर बाहेर पडू नये म्हणून. ही सोय आम्हाला फार आवडली. पण तळाच्या भांड्यात काळा गाळ साचतो आणि सर्व्हिसवाला ते उघडतच नाही. भांडं बुजलं की पाणी आतच तुंबतं. कंडेन्सेटचा पाइप प्लास्टिकचाच हवा, तांब्याचा नको. मीटरला निदान ४५ मिमी उतार, घराबाहेरचा भाग ३२ मिमीचा, गुंडाळलेला आणि ३ मीटरच्या आत. नाहीतर जानेवारीत गोठलाच समजा. पाणी शोषखड्ड्यात सोडत असाल तर त्यात चुनखडीची खडी भरायची, म्हणजे आम्ल मारलं जातं.

बचतीबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. रॉकेलच्या धुरातली वाफ साधारण ४७ अंशांच्या खाली पाणी होते, गॅसची ५५ च्या आसपास. म्हणजे रेडिएटरमधून परतणारं पाणी ४७ च्या वर असेल तर कंडेन्सिंगचे पैसे वसूल होत नाहीत. बॉयलरचा थर्मोस्टॅट ८० अंशांवर ठेवून चालवणाऱ्यांना फरक जाणवणार नाही.

काम ऑफटेक (ऑइल हीटिंगच्या तंत्रज्ञांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणीकृत माणसाकडून करून घ्या. उभारणीचा सीडी/१० आणि चालू करतानाचा सीडी/११ हे दोन्ही फॉर्म हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. सीडी/११ वर कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी आणि स्मोक नंबर (धुरातल्या काजळीचं माप) लिहिलेला हवा. स्मोक नंबर शून्य किंवा एकच्या पुढे नसावा. बॉयलर घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यापासून १ ते ३ मीटरवर लावा.

अरुंद गल्लीतलं, ओळीत एकमेकांना चिकटलेल्या घरांपैकी एक (टेरेस) घर असेल आणि मागचं अंगण चारी बाजूंनी भिंतींनी वेढलेलं असेल तर एक्स्टर्नल घेऊ नका. तिथे घरात बसणारं मॉडेल आणि छतातून वर जाणारा उभा बॅलन्स्ड फ्ल्यू घ्या. खर्च वाढतो, पण धूर लोकांच्या डोक्यावरून निघून जातो.