पॉयझनचा पहिला अल्बम : मुखपृष्ठापासून ऐकावे असे संगीत

पॉयझन या अमेरिकन ग्लॅम मेटल (भडक रंगभूषा आणि झगमगीत वेष मिरवणारा हेवी मेटल रॉकचा प्रकार) गटाचा पहिला अल्बम, म्हणजे 1986 साली आलेला 'लुक व्हॉट द कॅट ड्रॅग्ड इन', विकत घ्यायचा असेल तर तो बारा इंची तबकडीच्या रूपातच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फोनच्या पडद्यावर या अल्बमचे मुखपृष्ठ नखाएवढे दिसते आणि त्यातील चार चेहरे एकमेकांत मिसळून जातात. तबकडीचे वेष्टन हातात घेतले की प्रत्येक चेहरा तळहाताएवढा होऊन समोर येतो. गालांवरची लाली, ओठांवरची चकचकीत लिपस्टिक, डोळ्यांभोवतीचे रंग आणि स्प्रे मारून फुलवलेले केस इतक्या निगुतीने मांडलेले आहेत की प्रथमदर्शनी या चार तरुणी वाटाव्यात. प्रत्यक्षात ते गायक ब्रेट मायकल्स, गिटारवादक सी. सी. डेव्हिल, बेसवादक बॉबी डॉल आणि ड्रमवादक रिकी रॉकेट आहेत.

या रंगभूषेकडे पाहून अनेक समीक्षकांनी या गटाला 'दिखाऊ' म्हणून निकालात काढले. संगीत कच्चे आहे म्हणून चेहरे रंगवले, असा त्या टीकेचा सूर होता. मला तो मान्य नाही. हा गट मूळचा पेन्सिल्वेनियातील मेकॅनिक्सबर्ग या लहान गावचा. 1984 साली ही मुले लॉस एंजेलिसला आली आणि सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांमध्ये वाजवू लागली. त्या रस्त्यावर तेव्हा गटांची इतकी गर्दी होती की आपल्या कार्यक्रमाची पत्रके स्वतः वाटत फिरल्याशिवाय श्रोते मिळत नसत, आणि पॉयझनने पत्रके वाटण्यात कोणतीही कसर ठेवली नाही. अशा ठिकाणी दुरून ओळखू येणे ही गरज होती. केस सजवण्याचे काम रिकी रॉकेट स्वतः शिकलेला होता, त्यामुळे गटाला बाहेरून कुणी तज्ज्ञ आणावा लागला नाही. गिटारवादकाच्या जागेसाठी पुढे गन्स एन' रोझेस या रॉक गटामुळे जगप्रसिद्ध झालेला स्लॅशही चाचणी देऊन गेला होता, परंतु निवड डेव्हिलची झाली. स्लॅशच्या वादनातील ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचे वजन या गाण्यांना पेलले नसते आणि त्याचे मळकट, बेफिकीर रूप या चार चेहऱ्यांच्या चौकटीत बसले नसते. या गटात वादन आणि दिसणे ही दोन वेगळी खाती कधी नव्हतीच, हे त्या निवडीतून मला दिसते.

पुरुषाने रंगमंचावर स्त्रीचा साज ल्यावा, यात मराठी प्रेक्षकाला तरी नवल वाटण्याचे कारण नाही. बालगंधर्वांचे शालू आणि दागिने पाहून घरोघरच्या स्त्रिया आपली वेशभूषा ठरवत असत, आणि त्यांचे गाणे व त्यांचे दिसणे यांत कुणी भेद करीत नसे. मात्र एक फरक मोठा आहे. बालगंधर्व रंगमंचावर स्त्रीच होत, पॉयझनचे चौघे रंगरंगोटी करूनही पुरुषच राहतात, आणि गाण्यांचे शब्द तर मुलींच्या मागे धावणाऱ्या मुलांचेच आहेत. चेहरा एक सांगतो आणि आवाज दुसरेच, या ओढाताणीतच या अल्बमची गंमत आहे.

आता संगीताकडे वळू. गटानेच सांगितल्याप्रमाणे हे ध्वनिमुद्रण अवघ्या 12 दिवसांत आणि सुमारे 23,000 डॉलरमध्ये उरकण्यात आले. हे ऐकताना जाणवते, पण ते खटकत नाही. गिटारचा आवाज पातळ आणि धारदार आहे, बेस मागे राहिला आहे, ड्रमवर त्या दशकातील प्रतिध्वनीचा थर आहे. तरीही प्रत्येक गाणे अर्ध्या मिनिटात आपली चाल पुढे आणते आणि तिच्यावरून हटत नाही. 'टॉक डर्टी टू मी' हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण. त्याचा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा मुख्य तुकडा, मोजक्या कॉर्डांचा आणि मेटलपेक्षा पंक या साध्या, वेगवान रॉकच्या घराण्यातला आहे. ठेका सरळ आहे, ध्रुवपद एकदा ऐकून पाठ होते आणि सोलोच्या, म्हणजे गिटारच्या एकल वादनाच्या, आधी मायकल्स डेव्हिलला नावाने हाक मारतो, तेव्हा आपण क्लबच्या पहिल्या रांगेत उभे आहोत असा भास होतो. हे गाणे 1987 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या एकल गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, ते उगाच नाही. 'आय वाँट अ‍ॅक्शन'चे ध्रुवपदही सर्वांनी मिळून ओरडण्यासाठी बांधलेले आहे. 'आय वोन्ट फरगेट यू' या संथ गाण्यात मायकल्सच्या आवाजाची मर्यादा उपयोगी पडते: उंच स्वर लावण्याचा अट्टहास तो करीत नाही, म्हणून विरह खरा वाटतो.

शीर्षकगीताचा विचार मला अनेक दिवस पुरला. मांजराने ओढून आणल्यासारखा विस्कटलेला माणूस, असा त्या इंग्रजी वाक्प्रचाराचा आशय आहे. गाण्यातही रात्रभर मौज करून सकाळी जड डोक्याने उठलेल्या तरुणाचे वर्णन आहे. मुखपृष्ठावरचे चेहरे मात्र आदल्या संध्याकाळचे आहेत, एकही केस जागचा न हललेला. संध्याकाळ पाहायची आणि सकाळ ऐकायची, अशी ही जोडणी आहे. ती ठरवून केलेली असो वा नसो, वेष्टन समोर ठेवून गाणे ऐकल्याशिवाय ती लक्षात येत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. 'प्ले डर्टी'मध्ये गट जड, करडा आवाज काढू पाहतो आणि तिथेच उघडा पडतो, कारण असा रिफ पेलायला लागणारा बेसचा भरणा या ध्वनिमुद्रणात नाही. दुसऱ्या बाजूची मधली गाणी एकमेकांसारखी आहेत. डेव्हिलचे सोलो उत्साही असले तरी अनेकदा सुरुवात होताच भरकटतात. स्त्रियांविषयीचे शब्द आज ऐकताना उथळ वाटतात, आणि ते त्या काळातही उथळच होते. 1988 सालच्या दुसऱ्या अल्बममध्ये ध्वनिमुद्रण भारदस्त झाले आणि 'एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते गाणे उत्तम आहे. पण अल्बम म्हणून मी पहिलाच उचलतो, कारण पुढे चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि त्याबरोबर हा भाबडा हट्टही कमी होत गेला.

सुमारे 34 मिनिटांच्या या तबकडीचा शेवट 'लेट मी गो टू द शो' या वेगवान गाण्याने होतो. कार्यक्रमाला जाऊ द्या म्हणून हट्ट धरणाऱ्या पोराचे हे गाणे आहे. ते गाणारे चौघे काही काळापूर्वीपर्यंत स्वतः असेच पोर होते, आणि मायकल्स ते गातो तेव्हा त्याचा आवाज साऱ्या अल्बममध्ये सर्वांत मोकळा लागतो.