आईच्या धाकात वाढलेल्या मुलीने घेतलेली समुपदेशन सेवा: सात महिन्यांचा अनुभव

ही ऑनलाइन समुपदेशन सेवा मी गेले सात महिने घेत आहे. नोंदणीच्या अर्जात ‘तुमच्या आवडी’ असा एक रकाना होता आणि त्यात मी गायन, वाचन व भरतकाम असे लिहून मोकळी झाले होते. पहिल्याच सत्रात समुपदेशक बाईंनी विचारले, “कुणीही न सांगता तुम्ही शेवटचं कधी गायलात?” मला उत्तर देता आले नाही. गाण्याचा वर्ग आईने लावला होता, पुस्तके आई निवडत असे, आणि सुई तर मी शाळा सुटल्यापासून हातात धरली नव्हती. वयाच्या ३१ व्या वर्षी मी स्वतःच्या म्हणून आईच्या आवडी लिहून दिल्या होत्या.

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये केलेली मांडणी बाईंनी तेव्हा समजावून सांगितली. स्वतःची ओळख घडण्याच्या त्याने चार अवस्था मानल्या आहेत. त्यांपैकी एकीत माणूस दुसरा पर्याय कधी न चाचपता, वडीलधाऱ्यांनी ठरवून दिलेला व्यवसाय आणि मते आपलीच म्हणून स्वीकारतो. असे आयुष्य बाहेरून स्थिर दिसते आणि म्हणूनच त्यात काही हरवले आहे याची शंका कुणालाही येत नाही. शिस्त लावणे आणि मनावर ताबा ठेवणे यांतला फरकही मला इथेच नीट उमगला. घरी किती वाजता यायचे हे ठरवून देणे वेगळे, आणि ऐकले नाही म्हणून चार दिवस अबोला धरणे किंवा ‘तुझ्यासाठी मी काय काय सोडलं’ हे ऐकवत राहणे वेगळे.

तिसऱ्या सत्रात आम्ही तीन पिढ्यांचा कौटुंबिक नकाशा काढला. त्यात पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ आणि अतिशय गुंतलेल्या नात्यासाठी तीन समांतर रेषा काढतात. माझ्या आणि आईच्या वर्तुळांमध्ये त्या तीन रेषा मी न विचारता ओढल्या. आई आणि आजी यांच्यामध्ये काय काढायचे असे बाईंनी विचारले, तेव्हा पेन थोडा वेळ कागदावर तसाच टेकून राहिला आणि मग तिथेही तीनच रेषा उमटल्या. माझा राग त्याने ओसरला नाही, पण आईला खलनायिका ठरवून मोकळे होण्याची वाट बंद झाली, आणि ते बरेच झाले.

या सेवेचे सर्वांत मोठे मोल मला मात्र एका नकारात सापडले. दुसऱ्या शहरातल्या नोकरीचे पत्र आले तेव्हा मी बाईंना अक्षरशः विनवले, “तुम्हीच सांगा, मी काय करू?” त्यांनी सांगितले नाही. त्या दिवशी मी चिडून सत्र अर्धवट सोडले. सगळे निर्णय आईने घेतलेल्या मुलीला निर्णय घेणारे दुसरे कुणीतरी हवे असते, आणि बाईंनी ती जागा घेतली असती तर मी आनंदाने त्यांच्याही धाकात राहिले असते, हे समजायला मला दोन आठवडे लागले.

गोपनीयतेची कसोटीही लागली. आईला माझ्या ईमेलमधून या सेवेचा पत्ता मिळाला आणि ‘माझ्या मुलीचे काय चालले आहे ते कळवा’ असे तिने थेट त्यांनाच लिहिले. अमुक व्यक्ती आमच्याकडे येते की नाही हेही आम्ही सांगू शकत नाही, असे सभ्य उत्तर तिला गेले आणि मला त्याच दिवशी त्याची कल्पना देण्यात आली.

दोष आहे तो त्यांच्या अ‍ॅपमध्ये. ‘आज तुम्ही मनःस्थितीची नोंद केली नाही’ अशी आठवण ते दिवसातून तीनदा करते, सलग नोंदींचे दिवस मोजते आणि एक दिवस चुकला की मोजणी शून्यावर आणते. महिन्याभरात मी तिथे खोट्या नोंदी करू लागले, जशी लहानपणी आईला हवी ती उत्तरे देत असे. माझ्यासारख्या मुलींना स्वतःचे ऐकायला शिकवणाऱ्या सेवेने असली पाळत मुळात ठेवूच नये. सेटिंगमध्ये जाऊन या सूचना बंद करता येतात, परंतु ते बटण सहज सापडत नाही.

घरात मारहाण होत असेल किंवा जिवाची भीती असेल, तर आठवड्यातल्या ५० मिनिटांच्या व्हिडिओ सत्रावर विसंबू नये. तिथे प्रत्यक्ष मदतच हवी. घरी दार लावून बोलणे शक्य नसेल, तर लेखी संवादाचा पर्याय मागून घ्यावा. आई न विचारता खोलीत येते म्हणून पहिली चार सत्रे मी तशीच केली.

पुढच्या तीन महिन्यांसाठी मी सदस्यत्व वाढवले आहे. आईला ते आधी विचारले नाही, घेतल्यानंतर सांगितले.