भेट म्हणून लाकडी पेटी: तयार एमडीएफ रंगवावी की सागवानाची स्वतः करावी?

भाऊबीज, लग्नाचा वाढदिवस, निवृत्त होणारे सहकारी अशा निमित्तानं हातानं केलेली छोटी पेटी द्यायची ठरली, की दोन वाटा समोर येतात. क्राफ्टच्या दुकानातून एमडीएफची कोरी पेटी आणून सजवायची, नाहीतर वखारीतून लाकूड आणून पेटीच करायची. आतला ऐवज आठ-नऊ इंच लांब, चार-पाच इंच रुंद पेटीत मावेल असा धरून चालू.

ब्रशवर हात बसलेला असेल आणि करवत कधी धरली नसेल, तर बिनदिक्कत एमडीएफ घ्या. लाकडाचे तंतू रेझिन घालून दाबून हे बोर्ड करतात. त्यामुळे त्याला रेषा नसतात, गाठी नसतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. बारीक चित्रकामासाठी याहून सोपा पाया नाही. शनिवार-रविवारात काम उरकतं. पण कडा रंग अधाशासारखा पितात. तिथे आधी प्रायमर, मग बारीक सँडपेपर आणि पुन्हा प्रायमर एवढं केलं नाही, तर वरचं झाकण सुंदर आणि कडा खरखरीत अशी पेटी होते. घासताना मास्क लावा, ती धूळ फार बारीक असते.

एमडीएफचा खरा शत्रू पाणी. ओला पेला ठेवला किंवा कोकणातल्या घरात पावसाळाभर भिंतीला टेकून राहिली, तर ती फुगते, आणि फुगलेलं एमडीएफ परत बसत नाही. कडेत मारलेला स्क्रूही धरत नाही, म्हणून बिजागऱ्या काही महिन्यांत डुलायला लागतात. शोकेसमध्ये राहणारी पेटी असेल तर हे सगळं चालून जातं. कानातली, किल्ल्या, औषधं काढायला रोज उघडणारी असेल तर नाही.

आता खरं लाकूड. शिसम दिसायला देखणा, पण कठीण. साध्या हत्यारांनी काम करणाऱ्याचा घाम काढतो आणि रंध्याची धार लवकर घालवतो. आंबा स्वस्त आहे, मात्र नीट मुरलेला आणि किडीवर प्रक्रिया केलेला नसेल तर भेट दिल्यावर पेटीतून पिठासारखा भुसा पडायला लागेल. पाइन हलका, कापायला सोपा, पण इतका मऊ की नखाचा ओरखडाही उठतो. माझं मत सरळ सागवानाला. त्यात नैसर्गिक तेल असतं, ते फारसं वाकत नाही आणि कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. नवं सागवान महाग पडतं हे खरं, पण एवढ्याशा पेटीला दाराच्या कामातले उरलेले तुकडे पुरतात. कुठल्याही सुताराकडे ते पडलेले असतात. जुने वाडे पाडताना निघालेलं सागवान मिळालं तर उत्तमच, फक्त करवत लावण्याआधी खिळे शोधा. तुकडे ३ सूत (साधारण साडेनऊ मिलिमीटर) जाडीपर्यंत रंधून घ्यायचं काम सुतारालाच सांगा. त्यानं भेटीचं हातकामपण कमी होत नाही.

सागवानाचं तेलच चिकटवताना आडवं येतं. सांध्याची जागा ताजी घासून थिनरच्या फडक्यानं पुसा आणि लगेच फेविकॉल लावा.

कोपऱ्यांसाठी डोव्हटेलच्या (एकमेकांत अडकणाऱ्या पंख्याच्या आकाराच्या दात्यांच्या सांध्याच्या) नादी पहिल्या खेपेला लागू नका. ४५ अंशांचा सांधा दिसतो साधा, पण कोन किंचित चुकला तरी चौथ्या कोपऱ्यात फट पडते. त्यापेक्षा दोन फळ्या काटकोनात चिकटवून, बाहेरून भोकं पाडून बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात. बार्बेक्यूच्या काड्याही चालतात. खुंट्यांचे फिकट ठिपके सागवानावर नक्षीसारखे दिसतात आणि सांधाही पक्का होतो. चिकटवल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर पेटी चौकोनी आहे. तळाची फळी खाचेत मोकळी बसवा, चारही बाजूंनी चिकटवू नका. लाकूड रुंदीत हलतं, जागा दिली नाही तर तडकतं.

पेटी टिकणार की नाही हे बहुतेक वेळा झाकण ठरवतं. बिजागरीचं झाकण दिमाखदार वाटतं, पण पितळी बिजागऱ्यांसाठी खाच अगदी समान खोलीची लागते, नाहीतर झाकण तिरकं बसतं. नुसतं वर ठेवायचं झाकण सर्वांत सोपं, पण पेटी हातातून निसटली की ते वेगळीकडे जातं. मला सरकतं झाकण आवडतं. सावंतवाडीच्या गंजिफाचे पत्ते ज्या रंगीत लाकडी पेटीत ठेवतात, तिचंही झाकण असंच सरकतं, आणि वर रंगवायला सलग जागा मिळते. बाजूच्या फळ्यांना खाच मारायची, एका टोकाची फळी तेवढी बुटकी ठेवायची, झालं. झाकण मे महिन्यात बेतोबेत बसवलंत तर जुलैत अडकेल. चार इंच रुंदीला अर्धा-पाऊण मिलिमीटर मोकळीक सोडा आणि कडेला मेण घासा.

पॉलिशमध्ये चपडा लाख आणि अळशीचं तेल यांची तुलना होते. बाहेरून दोन्ही चांगली दिसतात. तेलानं रेषा जास्त खुलतात, पण सुकायला दिवस लागतात आणि बंद पेटीत वास कोंडून राहतो, म्हणून आतून तेल नको. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा काही मिनिटांत सुकतो, त्यामुळे एका संध्याकाळीच पाच-सहा पातळ हात बसतात. त्याची खोड वेगळी: अत्तर किंवा सॅनिटायझर सांडलं की डाग पडतो. अत्तराच्या कुप्यांसाठी पेटी असेल तर पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) विचार करा. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात, मोकळी पसरून वाळवा.

भेट ऑस्ट्रेलियातल्या मुलीला पाठवायची असेल, तर पार्सलवर लाकडी वस्तू असं स्पष्ट लिहा. तिथे लाकूड जाहीर करावं लागतं आणि साल किंवा किडीची भोकं दिसली तर पेटी अडकते.