‘रामदास’ दिली, टायटॅनिक परत आली

आजोबांनी केलेली ‘रामदास’ बोटीची प्रतिकृती दुरुस्तीला दिली, त्यात एकूण ६८,५४० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. विसार १५,०००. पितळी सामान २२,५००. त्या सामानाची कस्टम ड्यूटी ८,७४०. काचेची नवी पेटी १८,०००. वाहतूक आणि विमा ४,३००. सगळे यूपीआयने, सगळे त्या कारागिराच्या वैयक्तिक खात्यात, आणि पावती एकाचीही नाही. ‘जीएसटी लावला तर तुम्हालाच भुर्दंड, काका’ हे वाक्य ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांनीच मला हसावं.

पैसे आज ना उद्या विसरेन. बोट विसरता येणार नाही.

माझे आजोबा माझगावला आगबोटींच्या वर्कशॉपात फिटर होते. ‘रामदास’वर त्यांनी काम केलं होतं. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली ही बोट १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद होती. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवसांत, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना ती उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. गिरगाव, परळ, अलिबागकडच्या कितीतरी घरांत तो दिवस अजून निघतो. आजोबांच्या खात्यातली दोन माणसं त्या बोटीवर होती. त्यानंतर त्यांनी चाळीतल्या खोलीत, रात्री जेवणं झाल्यावर, तिची प्रतिकृती करायला घेतली. एका फुटाला पाव इंच हे प्रमाण. म्हणजे लांबी पावणेपंचेचाळीस इंच आणि रुंदी सव्वासात इंच. फळ्या एकावर एक चिकटवून, आतून कोरून, बाहेरून रंध्यानं उतरवलेली. कठड्याच्या काड्या पितळी टाचण्यांच्या, नांगर शिशाचे ओतलेले, डेकवरची कनात जुन्या धोतरजोडीच्या कापडाची. १९५१ ला पूर्ण झाली. फाळक्याचं, म्हणजे डेकवरून आत उतरायच्या तोंडाचं, झाकण उचललं की आत पेन्सिलीनं त्यांची सही आणि साल.

चाळ सुटली तेव्हा बोट साडीत गुंडाळून पेटीसकट आमच्या माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. आत्याचं वय झालं आहे, बोट पुन्हा एकदा नीट झालेली बघायची तिची इच्छा होती. तिच्यासाठी मी हे सगळं केलं. नाहीतर माझी ती होतीच माळ्यावर सुखात.

हा इसम मला ओळखीतूनच मिळाला, रस्त्यावर नाही. ‘जुन्या प्रतिकृतींची दुरुस्ती’ म्हणून आधीचे-नंतरचे सुरेख फोटो दाखवायचा. (पुतण्यानं नंतर ते फोटो उलटे शोधले, म्हणजे इंटरनेटवर फोटो टाकून तो मुळात कुठला ते पाहिलं. सगळे परदेशी संग्रहालयांचे निघाले. फोटो उलटे शोधायला दोन मिनिटं लागतात. ती आधी खर्च करा.) घरी आला तो भिंग, मऊ ब्रश, कापसाच्या काड्या घेऊन. आत्याच्या पाया पडला. आपणही दाभोळकडचेच म्हणाला. मग म्हणाला, आमच्या पण घरातलं एक माणूस ‘रामदास’वर गेलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी. आता सांगा, अशा माणसाकडे आधार कार्ड मागायचं?

आणि त्याला काही येत नव्हतं अशातला भाग नाही. माझी खरी चिडचिड तीच आहे. जुना रंग खरवडायचा नाही, त्यावर नवा थापायचा नाही, आधी फक्त धूळ आणि काजळी काढायची, असं त्यानं सांगितलं. ते बरोबर आहे. कापसाची काडी जिभेला लावून त्यानं डेकचा नाण्याएवढा तुकडा आमच्यासमोर पुसला. लाळेनं जुनी घाण सुटते आणि खालच्या रंगाला धक्का लागत नाही, मोठमोठ्या संग्रहालयांतही असंच करतात. तेही बरोबर. काळ्या काजळीखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं, फळ्यांमधल्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. आत्यानं माझा हात धरला. मी त्याच क्षणी १५,००० पाठवले. तुम्हीही पाठवले असतेत.

मग नांगर दाखवला. शिशाच्या नांगरावर पांढरी भुकटी धरली होती. बंद लाकडी पेटीत लाकडातून आम्लाची वाफ सुटते, ती शिशाला खाते आणि शिशाची अशी पांढरी पूड होते. ही माहितीसुद्धा शंभर टक्के खरी आहे, मी नंतर वाचून खात्री केली. तुमच्या घरी अशी जुनी वस्तू असेल तर पेटीला हवा लागू द्या, ती पूड उघड्या हातानं पुसू नका, फुंकू तर अजिबात नका, विषारी असते.

आता ज्या क्षणी माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती तो क्षण. बोट गाडीत ठेवून निघताना तो म्हणाला, “काका, ती जुनी पेटी घरात ठेवू नका. भंगारात द्या, जाळा, काहीही करा. आतली बैठकसुद्धा. शिसं खाल्लंय तिनं.” मी मान डोलावली. पुढे दर फोनला, पैशांची गोष्ट निघण्याआधी, “पेटी टाकली ना?” मला वाटलं, काय निष्ठा आहे कामावर! अरे, बोट त्याच्याकडे, पेटी माझ्या माळ्यावर, मधे पन्नास-साठ किलोमीटर. रिकाम्या पेटीची वाफ फोनमधून जाऊन नांगर खाणार होती का? नव्या पेटीचे १८,००० घेणाऱ्याला जुनी विल्हेवाटीला लागण्याची इतकी घाई का असावी? आज मला हा प्रश्न रात्री दोन वाजता पडतो. तेव्हा एकदाही पडला नाही, कारण वाफेची गोष्ट खरी होती, आणि एक गोष्ट खरी निघाली की माणूस तिच्या शेपटीला बांधलेली दुसरी तपासत नाही.

पेटी टाकली नाही ती बायकोनं. कुठलीच वस्तू टाकायची नाही हा तिचा स्वभाव, त्यावरून आजवर मी तिला बरंच बोललो आहे.

गणपतीआधी देतो म्हणाला, दिवाळी गेली. मधल्या काळातल्या थापा सांगत बसत नाही, तुम्हाला त्या तोंडपाठ असतील. सामान अडकलं, कस्टमनं अडवलं, कारागीर गावी गेला. फोटो यायचे ते पितळी काड्यांचे, ब्रशचे, कोपऱ्यांचे. अख्ख्या बोटीचा एकही नाही. त्यावर माझं समाधान झालं होतं हे मी आता लिहितो आहे खरा, पण त्या फोटोंत काम चालू दिसत होतं, आणि काम चालू असताना कारागिराच्या मागे लागू नये अशी आमच्या घरची शिकवण.

शेवटी आली. नव्या झाकपाक पेटीत, चारी बाजूंनी स्क्रू आणि त्यावर सील. रंग आतून वाळतोय, पावसाळा संपेपर्यंत उघडू नका. काळा बुडखा, पांढरा वरचा भाग, एक धुराडं, होड्या. चकाचक. नेताना जी आम्ही दोघांनी धरून उतरवली होती ती त्यानं पेटीसकट एकट्यानं आत आणली. मी म्हटलं, हलकी झाली का हो? म्हणाला, आतलं वाळवीचं लाकूड कोरून काढलं. आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “ही लहान कशी झाली रे?” तो लगेच वाकून, “आत्या, लहानपणी बघितलेलं सगळं मोठंच वाटतं ना.” आम्ही सगळे हसलो. आत्याही हसली. तिचं ते हसणं आठवलं की त्या माणसाच्या कानफटात द्यावीशी वाटते.

बिंग फुटलं ते बायकोमुळे. नव्या पेटीचं सील एका बाजूनं आपोआप सुटलं, तिनं माळ्यावरची जुनी पेटी काढली, म्हणाली तोवर यात ठेवू. बैठकीच्या खोबणी सव्वासात इंचांच्या. बोट त्यात अशी डुगडुगायला लागली की बोटानं ढकलली तर आडवी. टेप लावला. लांबी चाळीस इंच, रुंदी पाच इंचही नाही. फाळका उघडेना, कारण फाळका नव्हताच, वरून चिकटवलेली पट्टी होती. पुतण्यानं मोबाईलचा टॉर्च तिरका धरला आणि डेकच्या रंगाखाली धुराड्याच्या ओळीत तीन गोल उमटले. पुट्टी भरलेले, घासलेले, रंगवलेले तीन गोल. चार धुराडी होती, त्यातली तीन उपटून एक ठेवलं होतं.

टायटॅनिक. दिवाणखान्यात ठेवायला शोभेची मिळते ती. तशीच्या तशी ऑनलाइन ९,२०० रुपयांना दिसली. बुडख्यावर खिडक्यांच्या रांगाच रांगा, रेवसच्या फेरीला जाणाऱ्या बोटीला एवढ्या केबिना कशाला लागतात हेही मला दिसलं नाही. होड्याही भरमसाट असणार, पाडल्याच्या खुणा नखाला लागतात.

फोन अर्थातच बंद. दिलेल्या पत्त्यावर एक गाळा, त्यात आता फ्लेक्स छापतात.

पुढचा भाग लिहिताना रक्तदाबाची गोळी घेऊन बसलो आहे. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात पहिला प्रश्न, “बोट दिलीत, बोट मिळाली. मग फसवलं कुठे?” मी समजावलं. दुसरा प्रश्न, गेलेल्या मालाची किंमत? म्हटलं, आजोबांनी केली. पावती? आजोबांनी आजीला पावती द्यायची होती का? शेवटी अर्जावर साहेबांनी स्वतःच्या हातानं सुधारणा करून लिहिलं: ‘लाकडी खेळण्यातील जहाज, एक नग’. मग निर्णय, हे दिवाणी आहे. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आहे, विश्वासघाताला ३१६ आहे. तर म्हणाले, वकील आहात का? नाही. मग बसा.

बसलो. दुपारनंतर कळलं की गाळा दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे तुमच्या घरून गेले, बोट तुमच्या घरून गेली, इकडे का आलात? झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हद्दीचं कारण चालत नाही. हे मी सांगितल्यावर समोरचा पोलीस दुसऱ्याकडे बघून हसला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथली मुलगी निदान गोड बोलली, पण तुम्ही माणसाला प्रत्यक्ष भेटलात म्हणजे हे सायबर नाही. बँकेत गेलो, तर पिन तुम्हीच टाकलात, यात बँकेचा काय संबंध. पुरातत्त्ववाल्यांकडेही जाऊन आलो, म्हटलं जुनी वस्तू आहे, कुणी परदेशात विकेल. त्यांनी १९७२ चा कायदा दाखवला, शंभर वर्षं पूर्ण पाहिजेत. १९५१ म्हणजे अजून बरीच वर्षं बाकी आहेत, तेव्हा या. म्हणजे चोरानं २०५१ नंतर चोरी केली असती तर माझी दखल घेतली गेली असती.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर हुज्जत घालत बसू नका, वेळ जातो. तक्रार लेखी, पोस्टानं, वरिष्ठांना, म्हणजे अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना पाठवा आणि पोचपावती जपा. मी ते उशिरा केलं. ग्राहक आयोगात मात्र दाद लागली, तीही अर्धीच. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. माझी तक्रार दाखल झाली. नोटीस ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली. आता माणसाचा पत्ता मी शोधून द्यायचा. पोलिसांना शोधता येत नाही, मला यायला हवा.

त्या टायटॅनिकचा प्रश्न वेगळाच. पुरावा म्हणून ठाण्यात जमा करायला नेली, तर ठेवायला जागा नाही, तुमच्याकडेच राहू द्या, पण हात लावू नका म्हणाले.

ज्यांच्याकडे अशी वस्तू आहे त्यांच्यासाठी, आठवेल तसं सांगतो. ती घराबाहेर जाऊ देऊ नका, मऊ ब्रश आणि कापसाच्या काडीचं काम घरी बसून होतं. द्यावीच लागली तर टेप शेजारी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा, प्रवासाच्या बॅगेच्या काट्यावर वजन करा, सही कुठे आहे ते कारागिराला सांगू नका. माझ्याकडे फोटो एकच, १९८० च्या सुमाराचा, आत्याच्या मुलाच्या मुंजीतला. त्यात कपाटावर ‘रामदास’ आहे, पण तिच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर, कुणाचा तरी फेटा आला आहे. चलन, म्हणजे वस्तू घेतल्याची लेखी पोच, मिळाल्याशिवाय वस्तू देऊ नका, त्यावर मापं लिहून घ्या. आणि जुनी पेटी टाका असं कुणी सांगितलं तर त्यालाच बाहेरचा रस्ता दाखवा.

बोट कुणाच्या नजरेस पडली तर खुणा देतो. जुन्या वस्तूंच्या दुकानात, लिलावात, कुणाच्या नव्या हॉटेलच्या काउंटरमागे, कुठेही असू शकते. लांबी पावणेपंचेचाळीस इंच, रुंदी सव्वासात. सागवानी, जड, एकट्याला उचलताना विचार करावा लागेल इतकी. डेकवर डाव्या बाजूला नाण्याएवढा तुकडा बाकीच्यापेक्षा उजळ, तो त्यानं आमच्यासमोर पुसलेला. कनातीच्या एका कोपऱ्याला धोतराचा लाल काठ. फाळक्याचं झाकण पुढच्या बाजूनं नखानं उचलायचं, मागून उचललं तर तुटतं.