पणत्यांच्या हंगामातले प्रशिक्षण: पुण्यातील एका व्यवसायपूर्व केंद्राचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या मुलाला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार लक्षणीय (४० टक्के किंवा त्याहून अधिक) दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि आमच्याकडे अठरावा वाढदिवस झाल्यावर पुढच्याच जूनमध्ये विशेष शाळेचे दप्तर माळ्यावर गेले. त्यानंतर त्याला पुण्यातील एका व्यवसायपूर्व प्रशिक्षण केंद्रात घातले. काही तक्रारीही लिहायच्या असल्याने केंद्राचे नाव देत नाही. मात्र अशा केंद्रांत काय पाहावे, हे इतर पालकांना यावरून कळावे.

या केंद्राची सर्वांत जमेची बाजू म्हणजे प्रवासाचे प्रशिक्षण. पहिल्या महिन्यात केंद्रातील प्रशिक्षक ताई पीएमपीच्या बसमध्ये मुलाच्या शेजारी बसत, दुसऱ्या महिन्यात दोन आसने मागे, आणि नंतर त्या उतरण्याच्या थांब्यावर आधीच जाऊन उभ्या राहत. बसचा क्रमांक त्याला वाचून कळत नव्हता, म्हणून तो चित्रासारखा ओळखायला शिकवला. खिशात पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ‘मला या थांब्यावर उतरवा’ एवढाच मजकूर असलेले कार्ड दिले. आषाढी वारीच्या पालख्या शहरात आल्या त्या दिवशी बसने मार्ग बदलला, तेव्हा हा घाबरला खरा, पण त्याने रडारड न करता कार्ड वाहकाच्या हाती दिले आणि वाहकाने आम्हाला फोन लावला. एकोणीस वर्षे ज्याचा हात सोडला नव्हता, त्याच्याबाबतीत हे घडले. त्यानंतर केंद्राने बदललेल्या मार्गाचा सरावही अभ्यासक्रमात घेतला, ही गोष्ट मला विशेष वाटली, कारण चूक दिसल्यावर आराखडा बदलणारी माणसे या क्षेत्रात फार भेटत नाहीत.

कामाचे शिक्षणही विचारपूर्वक दिले जाते. खोके भरण्याचे काम शिकवताना त्याची बारा लहान कृतींत फोड केली होती आणि सुरुवात शेवटच्या कृतीपासून झाली: अकरा पायऱ्या ताई पार पाडत आणि चिकटपट्टी लावून खोके बंद करण्याचे काम मुलाकडे असे. त्यामुळे ‘झाले’ म्हणण्याचा मान पहिल्याच दिवसापासून त्याचा होता. मग एकेक पायरी मागे सरकत त्याच्याकडे आली. पैशांच्या वर्गात मात्र अजून नोटा आणि नाणीच चालतात. कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा क्यूआर कोडचा फलक टांगून बसलेला असताना, मोबाइलवरून पैसे देणे आणि गेलेला आकडा पडताळणे शिकवायला केंद्राने आतापर्यंत सुरुवात करायला हवी होती.

खरी अडचण गणपती उठले की सुरू होते. त्यानंतर दिवाळीपर्यंत सारे केंद्र पणत्या रंगवते, उटण्याची पाकिटे भरते आणि आकाशकंदील चिकटवते. माल उत्तम असतो, आम्हीही दरवर्षी घेतो, आणि विक्रीतून मुलांना मानधन मिळते, त्यामुळे विक्रीला माझा आक्षेप नाही. आक्षेप असा, की ज्याचा हात बसला आहे त्याला त्याच कामावर ठेवले जाते, कारण तो हंगामात उपयोगी पडतो. आमच्या मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात ‘साठा मोजणे’ हे पुढचे उद्दिष्ट पहिल्या वर्षीच्या जुलैमध्ये लिहिले गेले होते. दोन दिवाळ्या त्याने उटणे भरले आणि ते उद्दिष्ट दोन्ही वर्षी तसेच पुढे ढकलले गेले. ऑक्टोबरची पालकसभाही दोन्ही वर्षी झाली नाही.

कागदपत्रांबाबत मात्र केंद्राला पूर्ण गुण. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र), राष्ट्रीय न्यास या बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेचा १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, अठरा वर्षांनंतर जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून घ्यायचे कायदेशीर पालकत्व, हे सारे तिथल्या दादांनी शांतपणे समजावले. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणावरचे व्याख्यान मात्र अपुरे वाटले. त्यातला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे, आणि पदासाठीची शैक्षणिक अट वेगळीच. हे न सांगितल्याने काही पालक उगाच आशा बांधून घरी गेले. सौम्य अक्षमतेच्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे स्तर उपलब्ध आहेत. त्यांची तयारी इथे करून घेतली, तर त्या व्याख्यानाला काही अर्थ येईल.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुलाला एका मोठ्या किराणा दुकानात चार तासांचे काम मिळाले. पहिले दोन आठवडे केंद्राचा जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा प्रशिक्षक, रोज सोबत होता, मग आठवड्यातून एकदा येई, आणि तीन महिने होताच थांबला. चौथ्या महिन्यात दुकानातील पर्यवेक्षक बदलले. नवे पर्यवेक्षक एका दमात तीन सूचना देत. मुलगा पहिली ऐकून दुसरीपाशी थबके, आणि ‘हा ऐकत नाही’ अशी तक्रार आमच्यापर्यंत आली. केंद्रात विचारले तर त्याची नोंद ‘नियुक्ती पूर्ण’ म्हणून बंद झालेली होती. अखेर तिथल्या एका तरुण ताई स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी दुकानात गेल्या, तासभर नुसत्या पाहत उभ्या राहिल्या, आणि चार चित्रांची एक पट्टी गोदामाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून आल्या. पर्यवेक्षक आता तोंडी सूचनेऐवजी त्या चित्रांवर बोट ठेवतात, आणि काम सुरळीत चालू आहे.

त्या पट्टीला खर्च काहीच आला नाही. खर्च होता तो कुणीतरी तासभर तिथे उभे राहण्याचा, आणि तो केंद्राच्या हिशेबात धरलेलाच नाही. अशा मुलांच्या बाबतीत काम तेच राहिले तरी माणूस बदलला की अर्धे शिक्षण नव्याने करावे लागते, त्यामुळे जॉब कोचचे तीन महिने मला फारच अपुरे वाटतात. किमान वर्षभर महिन्यातून एक फेरी आणि पर्यवेक्षक बदलल्यास तातडीची भेट, एवढे तरी असावे. त्यासाठी मासिक शुल्क थोडे वाढवले तरी आमची हरकत नव्हती.

तरीही मी या केंद्राची शिफारस करते, विशेषतः ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अजून एकटी घराबाहेर पडलेली नाही त्यांना. प्रवेश शक्यतो जूनमध्ये घ्यावा, म्हणजे हंगामापूर्वी तीन महिने सलग मिळतात. आणि जॉब कोच किती काळ येईल, हे शुल्काच्या पावतीसोबतच लेखी मागून घ्यावे. आम्ही तोंडी आश्वासनावर राहिलो होतो.